तेवीस नंबरचं दार आज रात्रीच लावून घ्या

परभणी, पूर्णा, गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू आणि जिंतूर. या नऊही तालुक्यांत ज्यांच्या दुकानात, दवाखान्यात, पतसंस्थेत, शाळेत, सेवा केंद्रात किंवा घरात इंटरनेटचा राउटर लुकलुकतो आहे, त्या सगळ्यांना ही हात जोडून विनंती आहे. वाचून बाजूला ठेवू नका. आज दुकान बंद करायच्या आत तुमच्या ऑपरेटरला किंवा नेटचं काम बघणाऱ्या पोराला एक फोन लावा आणि एकच गोष्ट विचारा, "आमच्या राउटरवर बाहेरून टेलनेट चालू आहे का?" तो "आहे" म्हणाला, तर आजच बंद करायला लावा. "बघावं लागेल" म्हणाला, तर बघायला लावा. "असू द्या की, त्यानं काय होतंय," म्हणाला, तर हा मजकूर त्याच्या हातात द्या. यातला बराचसा भाग त्याच्यासाठीच लिहिला आहे.

मी जिल्ह्यात नेटवर्कची कामं करतो. खांबावरून केबल ओढायची, राउटर बसवायचा, बंद पडला की जाऊन चालू करायचा, हे रोजचंच. त्यामुळे ही दारं उघडी कशी राहिली ते मला कुणाकडून ऐकावं लागत नाही. त्यातली बरीच मी माझ्या हातानं उघडी ठेवली आहेत. परभणीहून पालमला किंवा सोनपेठला एका राउटरसाठी जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. पेट्रोल जळतं, आणि तिथं पोचल्यावर कळतं की एकच ओळ बदलायची होती. मग आम्ही पोरं काय करतो? राउटर बसवतानाच त्याची कमांड लाइन बाहेरून चालू ठेवतो. परभणीत बसल्या बसल्या काळ्या खिडकीत दोन-चार ओळी टाइप केल्या की काम होतं. ग्राहकाचा खोळंबा टळतो, आमची चक्कर वाचते. आपल्यासारख्या पसरलेल्या जिल्ह्यात, जिथं पावसाळ्यात पुलावरून पाणी जातं आणि मे महिन्यात दुपारी रस्त्यावर निघवत नाही, तिथं ही सोय हवीच. ती काढून टाका असं मी कुणालाही सांगणार नाही. पण ज्या पद्धतीनं आम्ही ती करून ठेवली, ती आता लोकांच्या मुळावर यायला लागली आहे.

जुलैच्या अखेरची गोष्ट. तालुक्याच्या एका गावातल्या सेवा केंद्रावरून फोन आला. केंद्र चालवणाऱ्या ताई अगदी रडकुंडीला आल्या होत्या. "दादा, नेट असून नसल्यासारखं झालंय. साइट उघडतच नाही. चारदा बंद-चालू केलं. दहा मिनिटं बरं चालतं अन् पुन्हा बसतं. बाहेर विम्याची माणसं बसलीत सकाळपासून." जुलैची अखेर म्हणजे पीकविम्याची घाई. सातबारा, आधार, पासबुक यांच्या झेरॉक्स पिशवीत घेऊन माणसं पहाटेपासून ओट्यावर बसलेली असतात. मी नेहमीप्रमाणे बाहेरून राउटरमध्ये शिरायला गेलो, तर जोडणीच होईना. राउटर जिवंत होता, पण माझ्यासाठी दार बंद होतं.

गेलो. राउटर काढून त्या जागी माझ्याजवळचा दुसरा लावला, त्याचा लॉग उघडला आणि ताईंनाही दाखवला. पडद्यावर ओळी पडत होत्या. 'लॉगिन फेल्युअर फॉर युजर रूट', पुढे कुठल्याशा परक्या देशातला आयपी पत्ता, शेवटी 'व्हाया टेलनेट'. खाली तीच ओळ, पत्ता वेगळा. मग रूटच्या जागी ॲडमिन. मग सपोर्ट. मग गेस्ट. चहाचा कप संपेपर्यंत पडदा भरला. ताई म्हणाल्या, "हे कोण लोक आहेत? आपल्या केंद्राचं नाव तरी यांना कसं माहीत?" नाव कुणालाच माहीत नव्हतं. जगभरातली बिघडलेली यंत्रं एकामागून एक पत्त्यांची दारं ठोठावत फिरतात, रात्रंदिवस. ज्याचं उघडलं त्यात शिरतात. टेलनेट उघडं असलेलं यंत्र सार्वजनिक पत्त्यावर ठेवलं, की पहिली थाप पडायला काही मिनिटं पुरतात.

जुन्या राउटरला मी दिलेला पासवर्ड गावाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन असा होता. तो मी दिला होता, हे इथं लिहिताना मला लाज वाटते. पण लिहिलं पाहिजे, कारण याच धाटणीचा पासवर्ड आज जिल्ह्यात किती जागी चालू असेल याचा मला अंदाज आहे. त्याच पासवर्डानं आत शिरलेल्या किड्यानं, म्हणजे घातक प्रोग्रॅमनं, पहिलं काम काय केलं, तर आतून कडी लावली. दुसऱ्या कुणाला आत येता येऊ नये म्हणून असले किडे टेलनेट बंद करून टाकतात, म्हणून माझीही जोडणी होत नव्हती. मग तो राउटर स्वतःच दुसऱ्यांची दारं ठोठावत सुटला. सगळी लाइन त्यातच खर्ची पडली आणि विम्याचा अर्ज चढवायला जागा उरली नाही. बंद-चालू केलं की किडा पुसला जात होता, कारण तो फक्त चालू मेमरीत राहतो. पण दार तसंच उघडं, पासवर्ड तोच, त्यामुळे दहा मिनिटांत दुसरा आत. ताई चारदा बंद-चालू करत होत्या ते बरोबरच होतं. चूक मी आधी करून ठेवलेली होती, आणि तिचा दंड ओट्यावर बसलेल्या माणसांनी भरला.

हे टेलनेट आहे तरी काय? दुरून दुसऱ्या यंत्राची कमांड लाइन हाताळायची ही फार जुनी रीत. तिची सुरुवात १९६९ची, आणि आज चालतो तो ठरीव नियम १९८३चा. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठं आणि संशोधन संस्था होत्या, एकमेकांना ओळखणारी माणसं होती. त्यामुळे टेलनेटमध्ये काहीही झाकलेलं नसतं. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना मी हे तोंडी समजावत नाही, दाखवतो. दोन लॅपटॉप आणि एक राउटर घ्यायचा. एकावरून राउटरला टेलनेट करायचं, दुसऱ्यावर वायरशार्क चालू ठेवायचं आणि मधली वाहतूक त्याला ऐकवायची. पासवर्ड टाइप करणाऱ्याच्या पडद्यावर काहीच उमटत नाही, त्यामुळे त्याला वाटतं आपण गुपित लिहितोय. इकडे दुसऱ्या पडद्यावर एक पॅकेट येतं, त्यात एक अक्षर. दुसरं पॅकेट, दुसरं अक्षर. एकेक बोट पडतं तसं एकेक अक्षर स्वच्छ दिसत जातं. शेवटी एंटर. पोरं गप्प होतात. पोस्टकार्डावर तिजोरीचा नंबर लिहून पाठवावा, तसला हा प्रकार. पोस्टकार्ड तुमच्या गल्लीपासून आमच्या ऑफिसपर्यंत ज्या ज्या हातांतून जातं, त्या प्रत्येकाला वाचता येतं.

फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात १९९५ साली नेमकं हेच घडलं. तिथल्या जाळ्यावर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्रॅम लपवून ठेवला होता. तातू युलोनेन नावाच्या तिथल्या संशोधकानं काही महिन्यांत त्यावर उपाय लिहून काढला आणि त्याच वर्षी लोकांना फुकट वाटला. त्याचं नाव एसएसएच. काळी खिडकी तीच, कमांड त्याच, पण मधली सगळी वाहतूक कुलूपबंद. टेलनेट पोर्ट २३वर चालतं, फाइल पाठवायचं एफटीपी २१वर. मधला २२ नंबर मोकळा होता, तो त्यानं मागून घेतला. वर्ष सरेपर्यंत पन्नास देशांतले वीस हजार लोक ते वापरत होते. या गोष्टीला तीस वर्षं झाली. आपण अजून २३वरच आहोत.

राहून काय होतं, ते २०१६ साली साऱ्या जगानं पाहिलं. मीराई नावाचा किडा साठेक नावं-पासवर्डांची एक यादी घेऊन टेलनेटची दारं ठोठावत निघाला. यादीत होतं ते कारखान्यातून येतं तेच. ॲडमिन-ॲडमिन, रूट-रूट, एक-दोन-तीन-चार. तेवढ्या भांडवलावर त्यानं ऐन भरात सहा लाखांच्या आसपास यंत्रं ताब्यात घेतली होती. राउटर, सीसीटीव्हीचे कॅमेरे, त्यांचे डीव्हीआर. २१ ऑक्टोबर २०१६ला या फौजेनं डाइन नावाच्या अमेरिकी कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अर्ध्या अमेरिकेत तासन् तास उघडेनात. मीराई उभा करणारे तिघे कोवळे तरुण होते. २०१७च्या डिसेंबरात त्यांनी गुन्हा कबूल केला. पण त्याआधीच मीराईचा कोड त्यांनी जाळ्यावर टाकून दिला होता. तो उचलून नवनवीन माणसांनी नवनवीन किडे केले. सेवा केंद्राच्या लॉगमध्ये मी पाहिली ती चाल त्याच जातीची होती.

लांबची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २०१७च्या जुलैत आपल्याच देशात बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांची मोडेम हजारोंनी बंद पडली. ज्यांनी मूळचा पासवर्ड बदललेला नव्हता त्यांची मोडेम सापडली, आणि पासवर्ड बदला असं आवाहन तेव्हा कंपनीला करावं लागलं. त्या वर्षी ब्रिकरबॉट नावाचा किडा फिरत होता. तो आत शिरून यंत्राची फौज करत नव्हता, यंत्राची मेमरीच पुसून त्याचा दगड करत होता. करणाऱ्याचं म्हणणं असं, की उघडी यंत्रं मीराईच्या हाती लागण्यापेक्षा मेलेली बरी. ज्याचं दुकान त्या मोडेमवर चालत होतं, त्याला हे तत्त्वज्ञान ऐकून काय उपयोग?

मोंढ्यातले आडते मला म्हणतात, आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय? राउटरमध्ये आम्ही काय सोनं ठेवलंय? शेठ, राउटर म्हणजे तुमच्या दुकानाचा दरवाजा नाही फक्त, तुमचा वाटाड्याही आहे. तुम्ही बँकेचं नाव टाइप करता, तेव्हा त्या नावाचा पत्ता कुठला, हे कुणाला विचारायचं ते राउटर ठरवतो. त्याला डीएनएस म्हणतात. चोरानं आत येऊन एवढी एक ओळ बदलली, तर तुम्ही नाव बरोबर टाइप कराल आणि पोचाल मात्र त्यानं मांडलेल्या खोट्या पानावर. ब्राझीलमध्ये २०१८ साली एक लाखाहून जास्त राउटरांचा डीएनएस असाच फिरवला होता, आणि रोख बँकांच्या ग्राहकांवरच होता. दुसरं असं, की तुमच्या राउटरमधून कुणी तिसऱ्यावर हल्ला केला किंवा कुणाची फसवणूक केली, तर तपासात पत्ता तुमचा निघतो. आपण काहीच केलं नाही हे पटवत बसायची वेळ मग तुमच्यावर. तुमच्या दुकानात कॅमेरे आहेत, बिलिंगचा कॉम्प्युटर आहे, त्यात हिशेब आहेत. राउटरच्या आत आलेल्याला ते सगळं शेजारच्या खोलीत असल्यासारखं.

आता दार नीट बसवायचं कसं, ते सांगतो. हे आमच्या धंद्यातल्या पोरांसाठी आहे, आणि फोनवर सांगतो त्याच भाषेत लिहितो आहे, म्हणजे कुणाला अवघड वाटायला नको.

पोरांनो, पहिली गोष्ट. हे काम दुरून करायला जाऊ नका. शक्य असेल तर राउटरजवळ बसून, कन्सोल केबल लावून करा. दुरूनच करावं लागलं, तर आधी परतीची वाट ठेवा. सिस्को असेल तर सुरुवातीलाच 'रीलोड इन टेन' द्या. काही चुकलं आणि तुम्ही बाहेर फेकले गेलात, तर दहा मिनिटांत तो आपोआप बंद-चालू होतो आणि जुन्या सेटिंगवर येतो. सगळं जमलं की 'रीलोड कॅन्सल', आणि मगच 'राइट मेमरी'. आधी राइट मेमरी करून बसलात तर परतीची वाट तुम्हीच मोडली. मायक्रोटिकवर सेफ मोड असतो. कंट्रोल आणि एक्स दाबा. मध्येच जोडणी तुटली तर तुम्ही केलेले बदल तो स्वतः मागे घेतो. एवढं न केल्यामुळे रात्री अकरा वाजता मोटारसायकल काढून जिंतूरला पळालेली माणसं मला माहीत आहेत.

मग सिस्कोवर राउटरला नाव द्या, डोमेन नेम द्या. ही दोन्ही नसली तर तो किल्ली बनवायला कुरकुरतो. 'क्रिप्टो की जनरेट आरएसए', मॉड्युलस दोन हजार अठ्ठेचाळीस, त्याच्या खाली जाऊ नका. 'आयपी एसएसएच व्हर्जन टू'. स्वतःच्या नावाचा युजर, आणि त्याला 'पासवर्ड' न देता 'सीक्रेट' द्या. पुढे 'लाइन व्हीटीवाय', त्यात 'लॉगिन लोकल' आणि 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'. या शेवटच्या ओळीनं टेलनेट बंद होतं. इथं एक चूक सगळीकडे दिसते. पोरं 'झिरो फोर' एवढ्याच लाइन बदलतात. 'फाइव्ह फिफ्टीन' तशाच राहतात आणि टेलनेट तिथून चालूच असतं. पुढचं दार लावलं, परसदारी वारा खेळतोय. दोन्ही बदला. 'एक्झेक टाइमआउट' दहा मिनिटं ठेवा. आणि ॲक्सेस लिस्ट लावून फक्त तुमच्या ऑफिसच्या पत्त्यावरूनच आत येता येईल असं करा. पासवर्ड कितीही मोठा ठेवा, पण साऱ्या जगाला तुमचं दार ठोठावता येतं म्हटल्यावर तुम्ही नशिबावर बसलात.

मायक्रोटिक आपल्याकडच्या केबलवाल्यांच्या हाताला सरावलेला. त्यावर 'आयपी सर्व्हिस' उघडा. टेलनेट, एफटीपी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, एपीआय, वापरात नसेल ते सगळं डिसेबल. एसएसएच आणि विनबॉक्स ठेवायचे असतील तर दोन्हींच्या समोर तुमचा पत्ता भरा. स्वतःच्या नावाचा युजर करा, त्यानं आत येऊन खात्री करा, आणि मग ॲडमिन नावाचा युजर काढून टाका. आणि आवृत्ती नवी घाला. विनबॉक्समधल्या एका भोकाची दुरुस्ती कंपनीनं २०१८च्या एप्रिलमध्ये दिली होती. ज्यांनी ती घातली नाही, त्यांचे दोन लाखांवर राउटर त्याच वर्षी चोरांसाठी क्रिप्टो नाण्यांच्या खाणकामाला जुंपले गेले. दुरुस्ती महिनोन् महिने फुकट पडून होती.

बदल करताना जुनी खिडकी बंद करू नका. ती तशीच ठेवून दुसरी नवी खिडकी उघडा, नव्या रीतीनं आत येऊन बघा. आलात, एक साधी कमांड चालली, मगच जुनी बंद.

पासवर्डपेक्षा किल्लीची जोडी बरी. लॅपटॉपवर 'एसएसएच कीजेन' चालवलं की दोन किल्ल्या तयार होतात. एक राउटरवर ठेवायची, ती कुणी पाहिली तरी चालते. दुसरी तुमच्याजवळ, तिला वेगळा परवलीचा शब्द लावून. ही दुसरी किल्ली व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका, भागीदारालाही नाही. त्याला त्याची स्वतःची बनवू द्या. तो काम सोडून गेला की त्याची एक किल्ली राउटरवरून काढली की झालं, सगळ्यांचे पासवर्ड बदलत बसायला नको. आणि पहिल्यांदा जोडताना एसएसएच तुम्हाला एक लांबलचक ठसा दाखवतं आणि 'येस की नो' विचारतं. आपण सगळे न वाचता येस मारतो. राउटर बसवतानाच तो ठसा वहीत लिहून आणा आणि ताडून बघा. पुढे कधी ठसा बदलला अशी सूचना आली आणि राउटर तुम्ही बदललेला नाही, तर हात थांबवा. मध्ये कुणीतरी बसलेलं असू शकतं.

पोर्ट २२ऐवजी २२२२ केला म्हणजे झालं, असं बरेच जण समजतात. लॉगमधला गोंगाट त्यानं कमी होतो, एवढंच. कुलूप ते नव्हे. ज्यांचे पाच-दहाहून जास्त राउटर आहेत त्यांनी सरळ व्हीपीएन घालावं. मायक्रोटिकच्या सातव्या आवृत्तीपासून वायरगार्ड आतच येतं. राउटर स्वतः तुमच्या ऑफिसला जोडून राहतो, आणि कमांड लाइनचं कुठलंच दार बाहेरच्या जगाला दिसत नाही. पालम असो की सेलू, तुम्ही आतूनच जाता.

आता ज्यांना यातलं काही करायचं नाही, फक्त नेट वापरायचं आहे, त्यांच्यासाठी. घरच्या राउटरला दोन पासवर्ड असतात. एक वायफायचा, जो पाहुण्यांना देता. दुसरा राउटरचा स्वतःचा, ज्यानं त्याची सेटिंग उघडतात. पहिला सगळे बदलतात, दुसऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि चोर येतो तो दुसऱ्यानं. राउटर पालथा करून मागचा कागद बघा. तिथं छापलेला पत्ता ब्राउझरमध्ये टाका, बहुतेकदा तो १९२.१६८.१.१ असतो. आत गेल्यावर ॲडमिनचा पासवर्ड बदला आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा, घरातली वही चालते. मग टेलनेट, एसएसएच, रिमोट मॅनेजमेंट असे शब्द दिसतील. बाहेरच्या बाजूनं ती सगळी बंद. घरात कॉलेजची मुलगी किंवा मुलगा असेल तर अर्ध्या तासाचं काम. ज्यांचं नेट मोबाइलच्या सिमवर चालतं, किंवा ज्यांच्या कंपनीनं बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलेला असतो, त्यांना बाहेरून सहसा कुणी गाठू शकत नाही. धोका जास्त आहे तो स्टॅटिक आयपी घेतलेल्या दुकानांना, दवाखान्यांना, जिनिंगना आणि मोबाइलवर कॅमेरे बघता यावेत म्हणून डीव्हीआर बाहेर उघडून ठेवलेल्यांना. तुम्ही त्यातले असाल तर आजच फोन करा.

गावोगावच्या ऑपरेटर बंधूंना वेगळं सांगायचं आहे. २८ एप्रिल २०२२ला सर्ट-इन या केंद्र सरकारच्या यंत्रणेनं काढलेल्या निर्देशांप्रमाणे राउटरमध्ये कुणी शिरल्याचा प्रकार ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे, आणि लॉग १८० दिवस सांभाळून ठेवायचे आहेत. आपल्यातल्या किती जणांकडे कालचा लॉग आहे? राउटरच्या स्वतःच्या मेमरीतला लॉग लाइट गेली की जातो, आणि आपल्याकडे लाइट किती वेळा जाते ते मी कशाला सांगू. ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर लावा आणि सगळ्या राउटरांचा लॉग त्यावर पाठवा. राउटरांची घड्याळं एनटीपीनं जुळवून घ्या, नाहीतर लॉगमधल्या वेळेला काडीचा अर्थ राहत नाही. सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही आहे, फेब्रुवारी २०१७पासून. बिघडलेली यंत्रं साफ करायची साधनं तिथं फुकट मिळतात. आणि ग्राहकाचे पैसे गेले असतील तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३०वर फोन. पहिल्या तासाभरात कळवलं तर रक्कम अडवता येण्याची आशा असते.

आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या मुलांनाही मी या कामात बोलावतो आहे, पण एका अटीवर. ज्याचा राउटर त्यानं बोलावल्याशिवाय हात लावायचा नाही. दुसऱ्याचं दार उघडं दिसलं म्हणून आत डोकावून बघणं हाही माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३ आणि ६६खाली गुन्हा ठरू शकतो, आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. हेतू चांगला होता, एवढ्यावर विसंबू नका. शेजारच्या दुकानदाराला सांगा, त्याच्यासमोर बसा, त्याच्या हातानं करून घ्या.

त्या सेवा केंद्रात त्या दिवशी नेट सुरळीत व्हायला दुपारचे तीन वाजले. ओट्यावरची काही माणसं तोवर कंटाळून गावी निघून गेली होती. एका म्हाताऱ्या काकांनी जाताना मला विचारलं, "झालं का रे दुरुस्त? मग उद्याला पुन्हा येतो." त्यांची एका दिवसाची मजुरी आणि दोन वेळचं तिकीट गेलं. कमांड लाइन, टेलनेट, पोर्ट, यातला एकही शब्द त्यांच्या कानावर कधी पडला नसेल.

त्या आठवड्यात मी माझ्या हातानं बसवलेल्या राउटरांची यादी काढली. वहीत सापडले तेवढे, आणि आठवले तेवढे. रात्री बसून एकेक बंद करत आलो. ज्यांचे मालक बदलले, ज्यांचा नंबर माझ्याकडे उरला नाही, त्यांना माणसं पाठवून निरोप दिले. दोन अजून बाकी आहेत. एक पालमला, एक सोनपेठच्या पुढे. दुरून हात लावायची सोय तिथं आता धड राहिलेली नाही, म्हणून कन्सोल केबल पिशवीत घातली आहे आणि उद्या सकाळी निघतो आहे. या वाटेवर ज्या कुणाला आपला राउटर बघून घ्यायचा असेल, त्यांनी आज रात्रीच कळवावं. पैसे घेणार नाही.